उंबऱ्यापासूनची उंची

१२ जून १९२१

आदरणीय श्रीयुत ज्युस्तो कोसुत्ता यांस,
भरती-ओहोटीचे निरीक्षक, ट्रिएस्ट

आपली माझी ओळख नसताना हे पत्र लिहिण्याचे धार्ष्ट्य करीत आहे, त्याबद्दल प्रथमच क्षमा मागते. तीन वेळा लिहून फाडले. चौथे फाडण्याइतका कागद घरात उरलेला नाही, एवढ्याच कारणाने हे आपल्यापर्यंत पोहोचेल.

मी तिल्का क्रावान्या. सोचा नदीच्या वरच्या खोऱ्यात आमचे गाव आहे. माझे वडील लोव्रो क्रावान्या व्हिएन्नाच्या सम्राटाच्या काळी उंची मोजणाऱ्या तुकडीत काठी धरीत असत. तुकडीची मोजणी आपल्या धक्क्यापासून सुरू होई, त्यामुळे वडिलांच्या तोंडी आपले नाव नेहमी असे. आमच्या शाळेच्या भिंतीवर साम्राज्याचा नकाशा होता. व्हिएन्ना, प्राग, साराएव्हो, साऱ्यांची उंची आपल्या धक्क्यावरच्या पाण्यापासून मोजलेली. आता सम्राट नाही, साम्राज्य नाही. तरी त्या शहरांच्या स्थानकांवरच्या पाट्या अजून आपल्याच पाण्याचे नाव सांगतात, याचे मला राहून राहून नवल वाटते.

आता मुख्य गोष्ट. माझा थोरला भाऊ येर्नेय सोळा सालच्या उन्हाळ्यात आमच्याच गावावरच्या डोंगरात लढताना पडला. त्या डोंगराला आम्ही ‘म्हातारी’ म्हणतो. आई आणि मी तेव्हा दूर स्टायरियात, निर्वासितांच्या छावणीत होतो. वडील मात्र तिथेच, तोफांसाठी उंची मोजण्याच्या कामावर होते. त्यांनी मुलाला स्वतःच्या हातांनी पुरले. लष्करी टपालातून जागेचे नाव लिहायला बंदी होती, म्हणून त्यांनी कार्डावर एवढेच लिहिले: ‘येर्नेय ११०६ वर आहे. घरी आलो की दाखवीन.’ ते घरी आले नाहीत. पुढच्याच हिवाळ्यात तापाने गेले.

आमच्याजवळ भावाची उंची आहे, जागा नाही. अकराशे सहा मीटरची रेषा साऱ्या डोंगराला वेढा घालून जाते, आणि तो त्या रेषेवर कुठेही असू शकतो. अर्जेंटिनातले माझे ब्लाझमामा आम्हां दोघींना बोलावीत आहेत. ९ नोव्हेंबरच्या बोटीची तिकिटे त्यांनी काढून ठेवली आहेत. इथे घराला निम्मेच छप्पर आहे, शेतात नांगराला तोफगोळे लागतात. पण आई म्हणते, “पोराला उघड्यावर टाकून मी समुद्र ओलांडू? आधी तो कुठे आहे ते दाखव, मग हवं तिथे ने.”

ती रोज दुपारी त्याचा वाडगा मांडते. बारा वाजता दाराची कडी वाजते. मी गोरित्साच्या अध्यापिका विद्यालयात पहिली आलेली मुलगी. वाऱ्याने वाजते, असे मी तिला समजावते. पण कडी मीही ऐकते, आणि त्या वेळी वारा नसतो.

उंची ठाऊक असताना जागा कशी शोधावी, हे कृपा करून सांगाल का?

आपली नम्र,
तिल्का क्रावान्या


२० जून

चि. तिल्का हिस अनेक आशीर्वाद.

मुली, तू माफी मागण्यात पान घालवलंस, हे तुझ्या बापाला मुळीच आवडलं नसतं. तो कुणाचीही माफी मागत नसे. धक्क्यावर आला की समुद्राकडे पाठ करून उभा राहायचा. मी म्हणायचो, “लोव्रो, अरे बघ तरी इकडे!” तर म्हणायचा, “काय बघायचं? तुझं पाणी एका जागी बसत नाही, आणि त्याच्यावरून माझा डोंगर मोजतोस? एक वर्ष पाणी बघत बसलात आणि ठोकलंत शून्य! आमच्या चर्चचा उंबरा बघ. माझ्या आज्यापासून तसूभर हललेला नाही. शून्य असावं तर असं!” साहेब लोक रागाने लाल व्हायचे. खरं सांगायचं तर तो चुकत नव्हता. पंच्याहत्तर साली एकाच वर्षाचं पाणी बघून ते शून्य ठरवलं. समुद्राची खरी सरासरी हाती यायला अठरा-एकोणीस वर्षं लागतात. साऱ्या साम्राज्याचे डोंगर त्या घाईवर उभे होते.

तो गेल्याचं तुझ्या पत्रातून कळलं. त्या दिवशी मी भरती टिपणाऱ्या यंत्राला शाई घातली नाही. कागदावर तेवढी रेघ कोरी आहे.

सोबत माझा खिशातला वायुभारमापक पाठवतो. वर चढावं तशी हवा हलकी होते आणि काटा सरकतो. ज्या जागेची उंची पक्की ठाऊक आहे तिथे उभी राहा, बाहेरची कडी फिरवून काटा त्या आकड्यावर आण, मग चढ. हवा पालटली तर हा लबाड खोटं बोलतो. म्हणून उतरून आल्यावर त्याच जागी पुन्हा बघायचं. परत येऊन आकडा जुळला तरच मोजणी पुरी. तुझ्या बापाच्या तुकडीचा हाच धर्म होता.

इथे इटलीचं नवं सरकार आलं आहे. माझ्या यंत्राचं काय करावं हे त्यांना ठरवता येत नाही, म्हणून मी अजून आहे. घराखालच्या विहिरीत समुद्राचं पाणी खालून शिरतं, तरंगा वर-खाली होतो, आणि वर टाक आपोआप रेघ ओढतो. चाळीस वर्षं मी तो श्वास ऐकतो आहे. हल्ली त्यात दुसरा कुणाचा तरी श्वास मिसळतो असं वाटतं. म्हातारपण, दुसरं काय!

आईला माझा नमस्कार सांग.

ज्युस्तो कोसुत्ता


२४ जुलै

आदरणीय कोसुत्ताकाका,

आपण ‘चिरंजीव’ म्हटलेत, म्हणून ‘काका’ म्हणण्याचे धाडस करते.

यंत्र सुखरूप पोहोचले. आमचे चर्च तोफांनी पाडले. उंबरा तेवढा जागेवर आहे. त्याच्या बाजूच्या भिंतीत उंचीची लोखंडी पट्टी होती. भिंत गेली, पट्टी गेली, पण ‘४८०’ हा आकडा मला लहानपणापासून पाठ आहे. उंबऱ्यावर उभी राहून काटा चारशे ऐंशीवर आणते आणि चढते. रोज उतरून आकडा जुळवते. महिनाभरात अकराशे सहाच्या रेषेवरचा सारा दक्षिण उतार पाहून झाला.

सारे बीचचे रान आहे. हिरवे, गार, शांत. दगडावर एकही खूण नाही. झाडे सरळ वाढलेली, त्यांच्या सालींवर गोळीचा ओरखडासुद्धा नाही. वडिलांनी येर्नेयला आघाडीपासून खाली सावलीत आणून पुरले असावे, असे मी मनाशी धरले आहे. त्या कल्पनेने बरे वाटते.

गावात मी चेष्टेचा विषय झाले आहे. डोंगरातून लोखंड वेचून विकणारा तोना नावाचा शेजारी आहे. उंबऱ्यावर मला पाहिले की तो ओरडतो, “काय मास्तरीणबाई, आज हवा महागली की स्वस्त झाली?” काल मात्र जवळ येऊन हळूच म्हणाला, “हे बघ, कुठेही हिंड, पण बाराच्या ठोक्याला वरच्या कड्यांवर राहू नकोस.”

“का?”

“तेव्हा त्यांची पाळी बदलते.”

“कुणाची?”

“आता कुणाची म्हणून विचारतेस! दोन्हीकडच्यांची.” आणि टोपी काढून, छातीवर क्रूसाची खूण करून निघून गेला. हा माणूस जिवंत तोफगोळे बायकोच्या धुण्याच्या टोपलीतून आणतो.

आई रोज विचारते, “भेटला का?” जणू तो बाजाराला गेला आहे आणि वाटेत चुकला आहे. मी “उद्या” म्हणते. ती वाडगा आत नेते. परवा मला म्हणाली, “तुझे बाबा दुपारी ओरडतात वरून. ‘धर! हलू नकोस!’ म्हणतात. तू नीट ऐकत नाहीस.”

उत्तरेचा उतार बाकी आहे. ऑगस्टात तोही संपेल.

आपली,
तिल्का


१ ऑगस्ट

चि. तिल्का,

घाईत लिहितो. रान शाबूत आहे म्हणतेस, ते मला रुचत नाही. आघाडी तिथे नव्हती.

जमल्यास कळव: तुमच्या म्हातारीच्या वरच्या अंगाला, बीचचं रान संपल्यावर, एक अरुंद कडा आणि त्याच्यासमोर खिंडीपलीकडे दुसरा सुळका आहे का? कड्यावरून तो सुळका स्पष्ट दिसतो का? त्या बाजूला पडलेल्या शिपायांचे क्रूस, नावाच्या पट्ट्या, काही उरलं आहे का? तोनाला विचार. लोखंड वेचणाऱ्याला ठाऊक असेल. तो तिकडच्या पट्ट्या विकत असेल तर त्याला म्हणावं, नावं असलेल्या विकू नकोस, मी घेईन.

ज्युस्तो कोसुत्ता


४ सप्टेंबर

आदरणीय काका,

आपले पत्र वाचून मला वाटले, आपण वयोमानाने विषय सोडून भलतीकडे गेलात. क्षमा असावी. कडा आहे, सुळकाही आहे. तोना म्हणतो, त्या बाजूच्या पट्ट्या लढाई संपल्यावर पहिल्याच वर्षी भंगारात वितळल्या. कुणाकुणाच्या होत्या ते कुणी वाचले नाही. पण आपण हे का विचारता?

आता माझे ऐका. उत्तरेचा उतारही संपला. तो तिथे नाही. काल संध्याकाळी उतरून उंबऱ्यावर आकडा जुळवीत होते, तेव्हा आई जेवायला बोलवायला आली. यंत्राकडे बघून म्हणाली, “हे चारशे ऐंशी कशाला लावतेस गं?”

मी सांगितले, “समुद्रापासून आपण तेवढे उंच आहोत, आई.”

“समुद्राशी आपलं काय काम? तुझ्या बाबांनी घरचं कुरण मोजलं, विहीर मोजली, मामाची भिंत मोजली. सगळं ह्या उंबऱ्यापासून. ह्याच उंबऱ्यावर तुम्हा दोघांना बाप्तिस्म्याला आणलं. इथे कुणी कधी समुद्र पाहिलाय!”

काका, आपण पहिल्याच पत्रात मला हे सांगितले होते. मी ते विनोद म्हणून वाचले आणि हसून बाजूला ठेवले. सम्राटासाठी मोजताना वडील आपल्या पाण्यापासून मोजीत. येर्नेयची मोजणी सम्राटासाठी नव्हती. तो उंबऱ्यापासून अकराशे सहा आहे. म्हणजे पाण्यापासून पंधराशे शहाऐंशी; रानाच्या वर, उघड्या खडकात, आपण ज्या कड्याबद्दल विचारता त्या कड्यावर.

मी यंत्राची कडी फिरवून काटा शून्यावर आणला. अडीच महिने मी सावलीत शोधत होते. सावली मला हवी होती म्हणून.

धुके निवळले की आईला घेऊन जाते. आपण त्या कड्याला कसे ओळखता?

तिल्का


१५ सप्टेंबर

तिल्का,

तू विचारलंस, तर सांगतो. इथे मी हे कुणाला सांगत नाही. शेजाऱ्यांच्या लेखी माझा मुलगा वीर आहे. रस्त्याला त्याचं नाव द्यायचं म्हणतात. त्या बोलण्यात मी माझं दुःख मिसळत नाही.

लिव्हिओ पंधरा साली रातोरात सीमा ओलांडून इटलीकडे गेला आणि त्यांच्या सैन्यात भरती झाला. मी सम्राटाचा नोकर. पोलीस माझ्या विहिरीतसुद्धा दिवा सोडून बघून गेले. त्याची तुकडी तुमच्या म्हातारीसमोरच्या सुळक्यावर होती.

लढाईनंतर त्याचा एक सोबती माझ्याकडे आला. आता तो इथेच न्हावी आहे. त्याने सांगितलं, सोळा सालच्या उन्हाळ्यात एका सकाळी समोरच्या कड्यावर एक म्हातारा लाल-पांढरी काठी उभी धरून उघड्यावर येऊन राहिला. दुर्बिणीचा माणूस खाली खडकाआड असावा. त्याच्याशी हा ओरडून बोलत होता. एवढं सोपं सावज! पोरांनी बंदुका रोखल्या. लिव्हिओ म्हणाला, “थांबा! तो मोजणीवाला आहे.”

“मग? आपल्यावर तोफा लावायला मोजतोय!”

“तोफांसाठी मोजत असता तर काठी आपल्याकडे तोंड करून धरली असती. त्याचं तोंड खाली गावाकडे आहे. मोजणी मध्येच तोडली तर बिचाऱ्याला पहिल्यापासून करावी लागेल. होऊ द्या पुरी.”

आणि त्यांनी होऊ दिली. न्हावी म्हणतो, म्हातारा काठी घेऊन उतरून जाईपर्यंत लिव्हिओ त्याच्याकडे बघत होता. मग म्हणाला, “मी लहान असताना हा आमच्या धक्क्यावर यायचा. समुद्राकडे पाठ करून उभा राहायचा.”

पुढच्याच महिन्यात लिव्हिओ त्याच सुळक्यावर पडला. जागा कुणाला माहीत नाही. मी चाळीस वर्षं साऱ्या देशाच्या उंचीचा हिशेब राखला, आणि माझ्या मुलाला एक आकडासुद्धा नाही.

तुझ्या भावाला ज्या बाजूने गोळी आली, ती बाजू माझ्या मुलाची होती. हे कळल्यावर तू पत्र लिहिणं बंद केलंस तरी मी समजेन. यंत्र ठेवून घे.

ज्युस्तो कोसुत्ता


ट्रिएस्ट

आदरणीय काका,

आठ आठवडे मी उत्तर दिले नाही. त्याचा अर्थ आपण काय लावला असेल, ते मला ठाऊक आहे. तो चुकीचा आहे. मला काय लिहावे ते सुचत नव्हते, आणि जे सुचत होते ते आईला आधी विचारायचे होते.

येर्नेय सापडला.

आई माझ्यापुढे चढत होती. मला थांबून श्वास घ्यावा लागे, तिला नाही. काटा अकराशे सहावर आला तेव्हा मी तिला सांगण्याआधीच ती एका खडकाशी जाऊन बसली होती. खडकावर आडवी, सरळ, तळव्याएवढी खाच होती आणि खाली तो आकडा. नाव नव्हते. आईने खाचेवर हात ठेवला आणि ज्या आवाजात ती त्याला जेवायला हाक मारीत असे, त्याच आवाजात म्हणाली, “इतके दिवस गळा फाडून हाका मारतेय. ओ द्यायला काय झालं होतं रे तुला?”

तोनाने बजावले होते तरी बारा तिथेच वाजले. खालच्या कोणत्या तरी गावची घंटा होती. समोरच्या सुळक्यावर दगड घसरल्याचा आवाज आला. कुणी उठून उभे राहावे तसा. मग आमच्या मागे, अगदी जवळ, तसाच. आई मागे वळली नाही. म्हणाली, “बदलू दे त्यांना पाळी. थकले असतील.”

घरी आल्यावर मी आपले पत्र तिला वाचून दाखवले. ती उठून चुलीत लाकूड सारू लागली. मला भीती वाटली. मग तिने विचारले, “त्याच्या पोराला आई आहे का?” मी सांगितले, आपण तिच्याबद्दल काही लिहिलेले नाही. “मग नसेल,” ती म्हणाली. “असती तर तिने म्हाताऱ्याला एवढे दिवस गप्प बसू दिलं नसतं.” थोड्या वेळाने म्हणाली, “त्याला लिही, पट्टी सापडली म्हणून. नाव वाचलंस म्हणून लिही. बिचाऱ्याचा जीव निवेल.”

“आई, खोटं कसं लिहू?”

“एवढी शिकलीस आणि एक खोटं लिहिता येत नाही तुला!”

मला येत नाही, काका. मी दुसऱ्या दिवशी एकटी खिंड ओलांडून समोरच्या सुळक्यावर गेले. खंदकात पाणी आणि गवत होते. पट्टी नव्हती, क्रूस नव्हता. जिथून आमचा कडा समोरासमोर दिसतो तिथे उभी राहून मी काटा पाहिला. अकराशे सहा. काट्याच्या जाडीइतकाही फरक नाही. उतरून उंबऱ्यावर पुन्हा पाहिला, शून्य जुळले. लिव्हिओ नेमका कुठे आहे, हे मी सांगू शकत नाही. पण ज्या सकाळी त्याने माझ्या वडिलांची मोजणी पुरी होऊ दिली, त्या सकाळी तो आणि येर्नेय एकाच उंचीवर होते. एवढे मी शपथेवर सांगू शकते.

आई बोटीवर नाही. मी तिला जागा दाखवली, म्हणजे ती येईल, एवढ्याचसाठी मी सारा उन्हाळा चढले होते. तिने ट्रंक उघडून माझे कपडे एका बाजूला केले आणि स्वतःचे परत खुंटीला लावले. “तो कुठे आहे ते कळत नव्हतं तोवर निघाले असते एखादे वेळी,” ती म्हणाली. “आता कळल्यावर कशी जाऊ?” मीही राहते म्हटले. “मेलेल्याजवळ एक माणूस पुरे. दोघी राहिलो तर तो आपल्यासाठी जागत बसेल. तू जा.” मी रडले. तिने मला रडू दिले आणि शिदोरीला चीज बांधले.

एक गोष्ट आपल्याखेरीज कुणाला सांगवत नाही. त्या दिवसापासून दाराची कडी वाजलेली नाही. बारा वाजतात आणि घरात काहीच होत नाही. आईला हे जड जाते. सर्व मृतात्म्यांच्या दिवशी तिने मेजावर पाव आणि दिवा ठेवला, तेव्हा पाव दोन ठेवले. दुसरा आपल्या मुलासाठी. सकाळी दोन्ही तसेच होते. ती त्यांच्याकडे बघत म्हणाली, “म्हाताऱ्याला सांग, वर ये म्हणावं. बर्फ पडायच्या आत. समुद्र काय, दोन दिवस त्याच्याकडे नाही बघितलं तर पळून जात नाही. मी त्याला सुळका दाखवीन, आणि घरात बोलायला कुणीतरी होईल.” काका, हे तिने आपल्यावर दया म्हणून म्हटलेले नाही. ती एकटी आहे. जमल्यास जा.

हे पत्र बंदरातल्या टपाल कचेरीत लिहीत आहे. यंत्र सोबत परत करते. तिकडे सपाट प्रदेश आहे, असे मामा लिहितात. खिडकीतून आपला धक्का आणि त्यावरचे लहान घर दिसते. चालत गेले तर बोट चुकणार नाही. पण मी जाणार नाही. समोर उभी राहिले तर यातले एक अक्षरही माझ्या तोंडून निघणार नाही, आणि आपण माझ्या गप्प बसण्याचा पुन्हा चुकीचा अर्थ लावाल.

आत्ताच घराचे दार उघडून एक वृद्ध गृहस्थ बाहेर आले. टोपी हाताने दाबून धरली आहे, वाकून पाण्याकडे बघत आहेत. ते आपणच असाल. आपल्या शेजारी कोणीतरी उभे आहे असे मला क्षणभर वाटले. मी दुसऱ्यांदा पाहिले नाही. आईने बजावले आहे, अशा वेळी दुसऱ्यांदा पाहू नये, म्हणजे ते आपल्या माणसाजवळ थांबतात.

आपली,
तिल्का क्रावान्या

टपालात टाकले: बुधवार, ९ नोव्हेंबर १९२१, सकाळी सव्वादहा वाजता.